आतला कोपरा

ल सांतिएत सप्टेंबर सरता सरता
मार्लीझ मेलां डोंगरावर जायची,
गायी उतरून गेलेल्या कुरणात
वाळून उभे राहिलेले जेन्शियनचे दांडे तोडायला.
मुळांची कडू दारू होते, ती माझ्या बापाला आवडे.
दांडे आमचे.

माळ्यावर वर्षभर सुकले
की ती चाकूनं त्यांना टोक काढी,
शाळकरी पोराच्या पेन्सिलीला काढावं तसं.
टोकावर हिऱ्याची भुकटी, तेलात कालवलेली,
मोहरीएवढी. मोहरीहून कमीच.
आणि मग धातूची कड
घासायची, घासायची,
इतकी की समोरून पाहिलं तर काळीभोर
आणि मान जराशी कलती केली
की लख्ख.

कड कशाची? तर पुलाची.
घड्याळाच्या पोटातही पूल असतात,
नखाहून लहान, चाकांना सांभाळून धरणारे.
त्यांच्याखालून काय वाहतं
यावर या खोऱ्यात कोणी बोलत नाही.
मुळात फारसं बोलतच नाहीत इथे.

बाहेरचा कोपरा यंत्रालाही जमतो, ती म्हणे.
आतला नाही जमत.
दोन कडा आत वळून जिथे भेटतात
तिथे गोल फिरणारं काहीही
गोलाईच मागे ठेवून जातं.
तिथे हात लागतो,
आणि हातामागे थांबवलेला श्वास.

पहिल्याच आठवड्यात मी विचारलं,
पुलाची खालची बाजू कशाला घासायची?
ती तर घड्याळ घेणाऱ्यालाही दिसायची नाही.
भिंगातून डोळा न काढता ती म्हणाली,
तुझ्या बनियनला भोकं आहेत?
होती.

मग तो फेब्रुवारी.
सरोवर गोठलेलं, उत्तरेच्या खिडक्यांवर
बीझ वारा नुसता थापा मारत होता.
सफाईसाठी एक घड्याळ आलं, एक्केचाळीस वर्षांचं,
कुठल्याशा गरम बंदरातल्या कुणा माणसाचं.
किंमत म्हणाल, तर बापानं पोर्तुगालहून येऊन
इथे जन्मभर रचलेल्या भिंतींमधलं
एक अख्खं घर.

तिनं ते उघडलं. पूल उलटा केला.
आणि थांबली.

आतल्या कोपऱ्यात, खालच्या अंगाला, एक ओरखडा.
माझा आहे, ती म्हणाली.
बावीस वर्षांची होते. गुरुवार होता.
बाहेर कुणीतरी मोटारीचा हॉर्न वाजवला
आणि हॉर्न कुणाचा ते मला माहीत होतं.

एवढंच. पुढचं तिनं सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.
एक्केचाळीस वर्षं तो हॉर्न
एका परक्या माणसाच्या नाडीला चिकटून
देशोदेशी हिंडत होता, मेजवान्यांना, अंत्ययात्रांना,
आणि त्या माणसाला पत्ता नव्हता.

बघ, म्हणत तिनं उठून मला खुर्ची दिली.
मी भिंग लावलं. दिवा फिरवला.
केसाच्या चौथाईएवढा, पण होता.
दिसत नाही, मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं.
भिंगाशिवाय तिचे डोळे फार लहान वाटले.
मग तू अजून काही शिकला नाहीस, ती म्हणाली.

दांडा उचलला. टोक तपासलं.
अर्ध्या तासाचं काम होतं, तिच्या हाताला त्याहूनही कमी.
दांडा खाली ठेवला.
चाकं धुतली, माणकांना तेलाचा थेंब थेंब दिला,
पूल जागच्या जागी बसवला, ओरखड्यासकट,
आणि चावी देऊन कानाशी धरलं.
यंत्र होतं मोजायला. तरी कानाशी धरलं.

आता तिची खुर्ची माझ्याकडे आहे,
दांडे तोडायला मीच जातो.
नव्या पोरीनं परवा विचारलं,
तुमच्या मनगटावर घड्याळ कसं नाही?
कुणाच्याच नसतं, मी म्हणालो, कामाला घासतं.

कॅन्टीनच्या भिंतीवर एक प्लॅस्टिकचं आहे, बॅटरीवरचं,
तीन मिनिटं पुढे.
आम्ही सगळे त्यावरच जेवायला उठतो.