दोनशे केबी

मूळ फोटो चोवीस एमबीचा.
खरेदीदाराच्या पोर्टलला हवा दोनशे केबीत,
एक केबी जास्त झाला तरी लाल अक्षरं.
अक्कलकोट रोडला, कारखान्याच्या माळ्यावर
मे महिन्याचे तीन वाजलेले.
कूलर स्वतःचंच पाणी तापवत बसलाय,
खाली बत्तीस माग,
आणि मी क्वालिटीचा आकडा
शंभरावरून खाली आणतेय,
जिन्यावरून म्हाताऱ्याला उतरवावं तशी, धरून धरून.

नव्वद. काही गेलं नाही.
ऐंशी. गेलं असेल, दिसलं नाही.
सत्तरला काठाशी
धूळ बसल्यासारखं काहीतरी.
साठला टेरीचे फासे बसले.
ज्यांच्या जिवावर सगळा धंदा,
जे अंगावरचं पाणी पितात,
ते बारीक फासे एकमेकांत विरघळले
आणि टॉवेलचा झाला पुठ्ठा.

तरी दोनशे चौदा केबी.
मागच्या फिकट निळ्यात पट्टे उठले,
उन्हात वाळलेल्या घामासारखे.
आता काय काढू?
रंग काढला तर गिऱ्हाईक जातं,
फासे काढले तर टॉवेल जातो.

तेवढ्यात नायना वर आले, डबा घेऊन.
एका डोळ्याचा मोतीबिंदू काढलाय,
दुसरा अजून पिकायचाय.
मी फोटो आठशे टक्के मोठा करून बसलेली,
स्क्रीनभर नुसते चौकोन.
"हे कुणाचं ग्राफ गं?" म्हणाले.
"नीट भरलं नाही. शेजारची घरं खाल्लीत."

चाळीस वर्षं त्यांनी चादरीचे ग्राफ काढले,
कंदिलात, मग बल्बखाली, मग ट्यूबखाली.
लाल शाईनं घर भरलं की एक धागा वर,
कोरं सोडलं की खाली.
घरांवरून पत्त्यांना भोकं,
भोकांवरून मागावर मोर.
त्यांना पिक्सेल हा शब्द सांगायचा
मी कंटाळा केला होता.
सांगायची गरजच नव्हती.

"आमच्या शेठला बी असंच.
बाणा वाचवा, पत्ते कमी करा, मोर तोच ठेवा."
"मग काय करायचात?"
डब्याचं झाकण उघडत म्हणाले,
"पिसाऱ्यातली पाच पिसं काढायचो.
मानेला हात लावायचा नाही.
आन् डोळ्याला एकच घर. दोन दिली
की घुबड होतंय."

कडक भाकरी मोडल्याचा आवाज,
शेंगाचटणीचं बोट की-बोर्डला लागू नये म्हणून
मी डाव्या हातानं जेवले.
उजव्यानं निळी पार्श्वभूमी काढली, सपाट पांढरी ठेवली.
पांढऱ्याला वजन नसतं, निदान इथं तरी.
सहा हजारांची रुंदी बाराशेवर आणली;
फोनवर बघणाऱ्याला सहा हजार कशाला?
वरची घडी कापली, बाजूची कुंडी कापली.
कुंडी माझ्या हौसेची होती.
मग आकडा परत वर नेला, ब्याऐंशीला,
आणि फासे उठून उभे राहिले,
एकेक, मोजून घ्यावेत असे.
एकशे त्र्याण्णव केबी.
सात उरले, ते वापरले नाहीत.
नायना खुर्चीतच झोपले होते.

तिसऱ्या दिवशी निरोप आला:
फोटो छान. कापड हाताला कसं लागतं?
दोन नग पाठवून द्या.

नवी पेठेतल्या कुरियरवाल्या पोरानं
पुडकं काट्यावर ठेवलं.
नऊशे ऐंशी ग्रॅम.
"किलोच्या आत एकच रेट," तो म्हणाला,
"वीस ग्रॅम अजून बसतील की, ताई."
मी पिशवीत बघितलं.
काय घालावं ते सुचलं नाही.