ड्रेसिंग, मंगळवार

वेकफिल्ड. साडेतीनलाच अंधारून आलंय.
ऑग्डेनसाहेबांच्या डोळ्यांवर चष्मा चढवते,
पोहण्याच्या गॉगलचा थोरला भाऊच तो,
आणि ते समुद्रात उतरतात.

मी जाळी सोडवू लागते.
बेकरीच्या भट्टीनं भाजलेल्या मनगटाला चिकटलेली,
सलाईन ओतलं तरी सुटता सुटत नाही.

"कासव आलंय," ते म्हणतात. "बाजूला हो, पोरी."
मी होते.
डावा हात पाणी वल्हवतोय;
उजवा माझ्याकडे,
बसमध्ये विसरलेल्या छत्रीसारखा.

गेल्या मंगळवारी याच खुर्चीत
देवाला नि मला
एकाच दमात शिव्या घातल्या होत्या त्यांनी.

वॉर्डात चष्मा एकच.
शिवाय जखमेकडे
कुणीतरी बघायलाच हवं.

शेवटची पट्टी. "झालं?"
"झालं."
"थांब जरा.
ते अजून वळून बघतंय."