पाहुण्यासाठी एक जीबी

गुरुवारची रात्र. फलज अल-कबाइलचा कॅम्प,
खोली सव्वीस, चार बंक, एक खिडकी,
खिडकीत एसी बसवलेला, म्हणजे खिडकी नाहीच.
मुबीन परकार कायमचा खेडला गेला तेव्हा
त्याचा डेस्कटॉप माझ्या बंकखाली सरकवून गेला.
त्यावर लिनक्स. फुकट आहे, आणि
म्हाताऱ्या मशीनला फार दमवत नाही.

भावोजींनी चकलीच्या डब्यातून पेनड्राइव्ह धाडला:
"कुंदाच्या दुकानातलं काहीबाही. बघ, नाहीतर पुसून टाक."
कुंदा टायपिंग व डीटीपी, कणकवली स्टँडसमोर.
आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.

फाइल उघडते, मराठी उघडत नाही.
युनिकोडच्या आधीचा फॉन्ट. अक्षरांच्या जागी
टोप्या घातलेले ओ, पाउंडाची चिन्हं, तुटके कंस,
जणू ताई तोंडात सुपारी धरून बोलतेय.
त्या अक्षरांना त्यांचंच जुनं विंडोज हवं,
तेव्हाचं, तेव्हाच्या फॉन्टसकट.

तर मशीनच्या पोटात मशीन बसवायचं.

पहिल्या झटक्यात नकार. बायॉसमध्ये एक खटका बंद,
रीस्टार्ट, शोधला, चालू केला.
मग कर्नल अडला: हे मॉड्यूल कुणाचं? सही कुठाय?
सहीशिवाय आत घेत नाहीत
हे मला कुणी शिकवायला नको,
तीन कार्यालयांत दहाही बोटं टेकवून आलोय.
किल्ली बनवली. पासवर्ड दिला. निळ्या पडद्यावर
त्याने तोच पुन्हा मागितला. दिला.
वरच्या बंकवरून बिजू: "भाई, लाइट."
लाइट घालवली. पडद्याचा उजेड पुरला.

आता विचारतो, पाहुण्याला किती द्यायचं?
खरंच असंच म्हणतात यात, बाहेरचा यजमान, आतला पाहुणा.
एक जीबी रॅम. एक प्रोसेसर. वीस जीबीची डिस्क,
जी डिस्क नव्हेच, नुसती एक फाइल,
पण ते त्याला सांगायचं नसतं.
त्याला वाटू दे, घर आपलं आहे.
मलाही इथे अर्धं कपाट आहे, किल्लीसकट.

मिनिटं उरली एकोणचाळीस, मग तेहेतीस,
तेहेतिसावर बराच वेळ बसलं. मी चहा करून आलो.
आलो तर हिरवी टेकडी, वर निळं आभाळ,
सोहारपासून बुरैमीपर्यंत जाऊन या, एवढी हिरवळ दिसायची नाही.

फॉन्ट टाकला. आणि ताईने सुपारी थुंकली.

आमच्या येथे श्रीकृपेकरून. दशावताराचं हँडबिल.
मच्छी मार्केट मित्रमंडळ, पावती क्रमांक.
'निधन' या शब्दाचे सतरा नमुने, रिकाम्या जागांसकट.
आणि दिगू एक, दिगू दोन, दिगू तीन.

तिसरा मला पाठ आहे. त्याच्यावर मी विमानात बसलो:
"दिगंबर यास मी लहानपणापासून ओळखतो.
वर्तणूक चांगली. व्यसन नाही. यंत्रांची आवड आहे."
खाली रावराणे, सरपंच.
पेढेही मी रावराण्यांनाच नेऊन दिले होते.
ताईने विचारलंही होतं, पेढे कुठले आणलेस?

दुसऱ्यात यंत्रांची आवड नाही.
पहिल्यात आहे ते असं:
"स्वभाव हट्टी. उपाशी असला तरी सांगत नाही,
सबब मालकांनी आपणहून विचारावे, ही विनंती."
खाली सहीसाठी जागाच सोडलेली नाही.

स्नॅपशॉट घेतला. म्हणजे काही बिघडलं तर
इथवर परत येता येतं. आतल्या मशीनला.
ते बंद केलं नाही. नुसतं थांबवलं,
पहिली फाइल उघडीच ठेवून.
मुबीनचा पंखा घरघरत राहिला.

बिजूने कूस बदलली. अर्धवट झोपेतच,
तो रोजच विचारतो तसं, "खाना खाया?"
रोज मी हो म्हणतो.

"नहीं," म्हटलं.
तो उठला, लाइट लावली,
आणि शिव्या घालत कुबूसचं पाकीट शोधू लागला.