ओलावा वजा जाता

बाबा उसगावच्या धक्क्यावर कारकून.
बार्जमध्ये खनिज ओतलं जाई तेव्हा
मूठभर पत्र्याच्या डब्यात घेत, शेगडीवर सुकवत,
पुन्हा तोलत, आणि चिठ्ठीवर लिहीत:
ओलावा नऊ टक्के, वजा.
पाण्याचे पैसे जपान देत नाही, म्हणायचे.

त्यांची कॉलर, नखं, कानामागची रेघ, सगळं लाल.
आई तो लाल धुऊन काढी आणि तो जात नसे.
पुढे तीस वर्षं मी तोच लाल विकत घेतला,
बाटलीतला, नव्व्याण्णव पूर्णांक नऊ टक्के शुद्ध,
जर्मनीहून.

ताळगावच्या पठारावर, दुसऱ्या मजल्यावर,
गंजावर सोनं चढवायचं हे माझं काम.
इतके बारीक कण, की पिवळेपणा विसरलेले.
त्यांवरून विषारी वायू सोडायचा,
पलीकडे निरुपद्रवी होऊन निघाला
तर वहीत एक आकडा.
आणि इन्फ्रारेडमध्ये बघायचं
कोण कुठे टेकलं, किती घट्ट, किती वेळ.
रेणू टेकला की त्याची थरथर बदलते,
एकवीसशेच्या जरा वर शिखर उगवतं.
माणसांची मी इतकी वाट पाहिलेली नाही.

गोव्यात हे करू नका, असं मुलाखतीतच सांगितलं होतं.
ब्रोमाइडची काचेसारखी चकती
साच्यातून काढून यंत्रापर्यंत सात पावलं न्यायची,
तेवढ्यात दुधाळ.
आलेखात चौतीसशेपाशी पाण्याचा भला थोरला डोंगर,
दर वेळी तोच.
मी तो वजा करायला शिकले.
घरातच होतं ते.

एकदा दोन नाजूक शिखरं सापडली, एकोणतीसशेच्या आसपास.
अकरा महिने त्यांच्यामागे. नवा मध्यस्थ रेणू म्हणून
निबंध अर्धा लिहून झाला.
काच फुंकणारा मिंगेल नळी द्यायला आला,
तोटी फिरवली, बोट हुंगलं.
बाये, हें ग्रीस.
दोघं हसलो. मी जरा उशिरा.

परवा निरोपाला प्रमुख पाहुणे म्हणाले,
बाई उत्प्रेरकासारख्या,
सगळं घडवून स्वतः न बदलणाऱ्या.
टाळ्या पडल्या. मी शाल सावरली.
पुस्तकात तसं लिहिलेलं असतं खरं.
पण मी एकही न बदललेला पाहिलेला नाही.
कण एकमेकांत मिसळून जाडे होतात,
अंगावर कार्बोनेट साचतं,
चाळिसाव्या तासाला थकतात,
भट्टीत घातले तर थोडे सावरतात, पहिल्यासारखे नाही.
हे माइकवर कुठे सांगायचं.

सांगण्यासारखी एक जुलैची रात्र होती.
वायू कोरडा करणाऱ्या नळीतले निळे खडे
गुलाबी होऊन गेलेले, आणि मला पत्ता नाही.
ओला वायू आत जात होता. आणि कण
आजवर कधी चालले नव्हते तसे चालत होते.
चूक म्हणून वहीत लाल पेनाने काट मारली.
मग खडे बदलले, सगळं कोरडं केलं. बंद पडलं.
पुन्हा गुलाबी होऊ दिले. चाललं.
पहाटेपर्यंत सात वेळा,
बांबोळीच्या बाजूला कुत्री भुंकत होती.

काम पाणीच करत होतं.
ज्याला मी बारा वर्षं आलेखातून खोडत होते.

मी पहिली नव्हे. जपानमध्ये कुणी
हे आधीच लिहून ठेवलं होतं,
तो अंक आमच्याकडे सात महिन्यांनी पोचला.

रविवारी डिचोलीला गेले.
बाबा अंथरुणात, उशाशी खोकल्याची बाटली.
सांगितलं सगळं, सोनं, गंज, पाणी.
डोळे मिटूनच ऐकलं.
मग विचारलं, किती टक्के?
म्हटलं, दशलक्षात तीनेक हजार भाग.
त्यांनी चादरीवर बोटं मोजली, हातचा धरला.

म्हणजे, ते म्हणाले,
वजा करण्याइतकंही नाही.