लोणा

करमशी बिल्डिंग मी चौथ्यांदा रंगवतोय.

वेंगुर्ल्याच्या बाजारात, बंदराचा रस्ता वळतो तिथं
ती उभी आहे, एक कोपरा तिरपा कापून.
बैलगाडीला वळण मिळावं म्हणून कापला, म्हणतात.
बैल गेले.
आता टेम्पो त्याच कापाला घासून जातात
आणि कमरेइतक्या उंचीवर दरसाल एक निळी रेघ सोडतात.

भिंती चिऱ्याच्या, दीड हात जाड.
वर साग, लाकडात लाकूड अडकवलेलं,
वाशांना खिळा शोधून सापडत नाही.
पुढं पाच ओतीव लोखंडी खांब.
कुणीतरी त्यांना दगडाचं सोंग दिलंय राखी रंगाचं,
पण बोटाच्या पेरानं वाजवलं की पोकळ बोलतात.
पावसात छपराचं सगळं पाणी
त्यांच्याच पोटातून गटारात उतरतं.
ज्याला हे सुचलं त्याचं नाव कुठंच नाही.
करमशीचं आहे, दोन हात लांब,
चुन्यात, वेलबुट्टीसकट.
खालच्या सालाचा शेवटचा आकडा पडलाय:
एकोणीसशे दहा-बारा, काहीही समजा.

माडीवर आगबोटीची तिकिटं मिळायची.
पश्चिमेची खिडकी म्हणून तर एवढी मोठी,
धूर दिसला की कारकून घंटा द्यायचा.
मग तिथं टायपिंगचा क्लास आला,
मग काजूवाल्यांची युनियन,
मग बरीच वर्षं नुसती कबुतरं.
खाली नौशाद मुकादम मोबाईलची कव्हरं विकतो.
तुळईला तागडीचा आकडा अजून आहे.
त्याला त्यानं केळ्यांचा घड टांगलाय, पिकायला.

आणि मागं मिठाची कोठी.
शिरोड्याच्या आगरातलं मीठ, गोणीवर गोण,
छातीच्या वर.
साठ वर्षं झाली मीठ जाऊन.
भिंत मात्र अजून ओकतेय.
पहिल्या वर्षी मी प्रायमर मारला, दुसऱ्यांदा महागाचा,
तिसऱ्यांदा कुडाळच्या डीलरनं शपथ घेऊन दिलेला.
शिमग्यापर्यंत पापुद्रे.
पापुद्र्याखाली हिरवा, हिरव्याखाली गुलाबी,
गुलाबीखाली तो जुना निळीचा चुना,
आणि सगळ्यांच्या मधून पांढरी बुरशी, चाखली तर खारट.

बाबा सांगायचे, "हिका रंग धरूचो नाय, बाबल्या.
हिच्या पोटात मीठ आसा."
सांगायचे, आणि काम घ्यायचे.

करमशीची पणती राजकोटहून फोनवर:
"अंकल, पुढचीच बाजू करा. माणसं बघायला येतायत.
आणि ते वरचं नाव, तेवढं बुजवून टाका."

परांचीवर चढलो. पत्रीनं खरवडत गेलो.
नावाच्या पहिल्या अक्षराच्या पोटात, कुणाच्या नजरेला न पडणारं,
शिसपेन्सिलीनं लिहिलेलं, बाबांचं वळण, र ला शेपूट:
निळी दोन शेर. चुना चार घमेली.
येणे बाकी सव्वासात रुपये.

कुणाकडं मागू?
नौशाद खालून ओरडला, "चाय घेतलास?"
मी हो म्हटलं. उतरलो नाही.

मग लांबी भरली. क भरला, र भरला,
वेलबुट्टीवरून ब्रश फिरवला दोन हात.
भिंत सपाट झाली, नवीकोरी, कुणाचीच नाही.
बिल करताना
खाली एक ओळ वाढवली: जुनी बाकी, सव्वासात.

बघू देतात का.
नाहीतर मीठ आहेच आत, घाई नाही त्याला.