साठ टक्के वेग

गाण्यामागे चार हजार घेते
आणि पुरुष बनवून देते.
पद्मावतीला, झेरॉक्सच्या दुकानावरची खोली.
जिना अरुंद, चपला बाहेर.

यात फार विद्या नाही.
चालणं साठ टक्क्यांवर आणायचं.
शंभरवर माणूस बस पकडायला निघालेला दिसतो,
साठवर रस्ता त्याच्या नावावर होतो.
सावल्या निळ्या, कातडी तांब्याची,
हसला की काप.

सुमेध शेलार आला तेव्हा एकोणीसचा होता.
वडील मार्केट यार्डात हमाल,
तो स्वतः पहाटे दुधाच्या टेम्पोवर.
गाणं त्यानंच लिहिलेलं.
त्यात 'बाप' हा शब्द अकरा वेळा,
वडिलांविषयी एकदाही नाही.

गाडी मावसभावाच्या शेठची, काळी, दोन तासांपुरती.
साखळी रविवार पेठेतली, घामानं हिरवी पडलेली;
फ्रेम फ्रेम करत मी तिचं पुन्हा सोनं केलं.
धनकवडीची प्रणोती दीड हजारात यायला तयार झाली,
इतकंच विचारलं तिनं:
चेहरा दिसणार, की पाठच?
पाठच.

आणि कोयता. नारळवाल्या चुलत्याचा.
मी म्हटलं, हा नको.
तो म्हणाला, ताई, त्याशिवाय कोण बघतं आम्हाला?
तीन सेकंद ठेवला.
ठेक्यावर बसला छान.

पैसे आले पाचशे-पाचशे करत.
मोबाईलवर दर वेळी नाव यायचं: सुनंदा शेलार.
सहकारनगरात पोळ्या लाटते म्हणे.

त्याच महिन्यात बाणेरहून ईशान आला.
कॅमेरा स्वतःचा, भिंगं तीन.
म्हणाला, जरा कच्चं हवंय, धूळ वाढवा ना.
जनता वसाहतीतली एक गल्ली
त्यानं सकाळभर भाड्यानं घेतली होती,
नळावरच्या बायकांना जरा पलीकडे व्हायला सांगून.
त्याच्याही हातात कोयता. नवा कोरा, बिलासकट.
त्या गाण्यावर पुढे एका कॉलेजात चर्चा ठेवली,
मलाही बोलावलं होतं.
सामोसा होता, चहा होता,
आणि 'वास्तव' हा शब्द
साखरेसारखा ज्याला हवा तेवढा.

सुमेधला चौकीत बोलावलं.
दोन दिवसांनी त्याचा दुसरा व्हिडिओ आला.
मागे भिंत, वर ट्यूबलाइट, हात जोडलेले:
मी चुकलो, पुन्हा असं करणार नाही,
तुम्हीही कुणी करू नका.
वेग शंभर टक्के.
रंगाला कुणी हात लावलेला नाही. शर्ट तोच.
आधी आणि नंतर असं जोडलं होतं कुणीतरी,
खाली ढोल टाकून.
त्यातलं 'आधी' माझं.

जोड चांगली होती, खोटं कशाला बोलू.
ठेका कुठेही सुटला नव्हता.
दोन लाखांनी पाहिला.
मूळ गाण्याला नऊशे बावीस,
त्यात तीस-चाळीस वेळा मीच.

गेल्या आठवड्यात डिस्क भरली म्हणून
कापलेल्याचं फोल्डर उघडलं.
चौदा सेकंदांचा एक तुकडा, कशाच्याच कामाचा नाही.
तळजाईच्या पायथ्याशी उजेड चाललाय,
कुणीतरी 'कट' म्हटलंय
पण कॅमेरा बंद करायचा राहिलाय.
सुमेध बॉनेटवरून उतरतो,
उमटलेले स्वतःचे पंजे बघतो,
शर्टाची बाही तळव्यावर ओढून घेतो
आणि पुसायला लागतो.
वाकून, तोंडाची वाफ देऊन, पुन्हा.
मग दाराचं हँडल. मग आरशावरचा अंगठा.
लांबून आवाज येतो, चल की रे, झालं का?
तो मान वर न करता म्हणतो,
थांब जरा,
शेठला कळेल.