येण्याचे कारण

सव्वीस वर्षं काउंटरच्या आत बसून
लोकांना खोल्या देतेय मी.
परभणी, स्टेशन रोड, जिना चढून डावीकडं,
खाली भेळेचा गाडा, वर अकरा खोल्या.
गरम पाणी पाच ते आठ.
आठनंतर कोणी बादली मागितली
की मी सांगते, गिझर बिघडलाय.
गिझर कधीच बिघडलेला नसतो.

आता काउंटरच्या बाहेर उभी राहायची पाळी माझी.
नणंद कौसल्या मानवतच्या शाळेतून रिटायर झाली
आणि म्हणाली, वहिनी, इस्तंबूल.
म्हटलं, तिथं कोण आहे आपलं?
म्हणाली, कोणीच नाही. म्हणून तर.

रात्री शटर अर्धं ओढून
मुंजाजीच्या मोबाइलवर खोल्या बघत बसते.
कोपऱ्यात पाठ टेकवून काढलेला फोटो,
म्हणजे खोलीत पलंगाशिवाय काही नाही.
सात नंबरचा मीही तसाच काढलाय.
टॉवेलचा हंस करून ठेवलाय,
म्हणजे हंसाखाली डाग आहे.
स्टेशनपासून पाच मिनिटं,
हे तर माझ्याच बोर्डावरचं वाक्य;
ती पाच मिनिटं बिनसामानाच्या जवान पोराची,
कौसल्याच्या गुडघ्यांची मिनिटं वेगळी.

स्वस्त आहे ती चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.
लिफ्ट आहे तिला खिडकी नाही.
खिडकी आहे तिच्याखाली पहाटेपर्यंत गाणं-बजावणं,
मालक लिहितो, उत्साही वस्ती.
एक जण म्हणाला, सगळे पैसे आधी,
थेट माझ्या खात्यात टाका, वीस टक्के सूट.
असल्या माणसाला मी
खाली जाऊन चहासुद्धा पाजला नसता.

मग मी फक्त बायांनी लिहिलेलं वाचायला लागले,
त्यातही एकट्या गेलेल्या बायांचं.
कारण मला ती पोरगी आठवत होती.
विद्यापीठात परीक्षा होती तिची,
गाडी लेट, रात्रीचे दोन वाजलेले.
भाडं विचारलं नाही तिनं.
विचारलं, कडी आतून लागते ना?
लागते, म्हटलं, लाव की.
तिनं तीनदा हलवून बघितली.
सकाळी फरशीवर ओरखडा,
रात्रभर खुर्ची दाराला लावलेली.
फरशी नवी होती. मी बोलले तिला.

नेरमीन नावाच्या बाईची खोली, दुसरा मजला,
भाडं आमच्या ऐपतीच्या काठावर.
मुंजाजीला म्हटलं, एवढंच विचार तिला,
कडी आतून लागते का.
उत्तरात शब्द नव्हते. एक फोटो.
पितळी कडी, जाडजूड,
आणि ती लावणारा हात,
अंगठ्याला पीठ लागलेलं.

दुसऱ्या दिवशी हार्डवेअरवाल्याकडून
अकरा कड्या आणल्या, पितळी, सहा इंची.
इस्तंबूलच्या दोन रात्री गेल्या त्यात.
कौसल्याला अजून सांगितलं नाही.

आणि काल फॉर्म भरताना मुंजाजी अडला.
मावशी, येण्याचं कारण काय लिहू?
माझ्या रजिस्टरातही आहे हा रकाना.
दवाखाना, कोर्टाची तारीख, सोयरीक, परीक्षा,
सव्वीस वर्षांत हेच भरत आले.
एकदा एक जोडपं आलं होतं,
बाईच्या केसांत धूळ, हसरी, दमलेली.
विचारलं, कशासाठी आलात?
म्हणाली, सहज.
सहज परभणीला कोण येतं?
खोल्या चार रिकाम्या होत्या,
मी फुल आहे म्हणून सांगितलं.
खाली भेळ खात उभे होते दोघं बराच वेळ.

लिही, म्हटलं. सहज.
मुंजाजी माझ्या तोंडाकडं बघायला लागला.
बघू नको रे, लिही.
आणि तिला विचार,
गरम पाणी किती वाजेपर्यंत असतं.